हातोडा पडण्यापूर्वी: दिवे, ग्रंथ आणि देवचित्रांचा लिलाव

लिलावातून संग्रह जमवणाऱ्यांच्या जगात तीन प्रकारच्या वस्तूंना कायम मागणी असते: नामवंत रचनाकारांनी घडवलेले विजेचे दिवे, जुने ग्रंथ आणि धार्मिक कला. तिन्ही वस्तू मुळात वापरासाठी झालेल्या. दिवा उजेडासाठी, ग्रंथ वाचण्यासाठी, मूर्ती किंवा चित्र पूजेसाठी. लिलावात येईपर्यंत तो वापर बहुधा मागे पडलेला असतो आणि किंमत ठरते ती चार प्रश्नांवर. वस्तू कोणी केली, कधी केली, कोणत्या अवस्थेत आहे आणि आजवर कोणाकोणाकडे होती? नवखा ग्राहक पहिल्या तीन प्रश्नांतच अडकतो. पण गेल्या पन्नास वर्षांत जे मोठे खटले चालले, ज्या वस्तू संग्रहालयांना परत कराव्या लागल्या, त्यांतली बहुतेक प्रकरणे चौथ्या प्रश्नापाशी येऊन ठेपली आहेत.

लिलावाचा धंदा जुना आहे. स्टॉकहोमचे लिलावघर १६७४ मध्ये सुरू झाले. लंडनमध्ये सॅम्युएल बेकर या ग्रंथविक्रेत्याने १७४४ मध्ये सर जॉन स्टॅन्ली यांचे ग्रंथालय लिलावात काढले, त्यातून ८२६ पौंड आले आणि त्याच पेढीची पुढे ‘सदबीज’ झाली. आज चित्रांसाठी गाजणाऱ्या या संस्थेचा पाया असा पुस्तकांवर घातला गेला. जेम्स क्रिस्टी यांनी १७६६ मध्ये आपले लिलावघर काढले, पॅरिसचे ‘ओतेल द्रुओ’ १८५२ मध्ये उघडले. मुंबईत सॅफ्रनआर्ट, पंडोल्स आणि अस्तगुरू ही नावे आता रुळली आहेत.

लिलावाची रीत सगळीकडे साधारण सारखीच असते. प्रत्येक वस्तूला किंवा वस्तूंच्या संचाला एक क्रमांक मिळतो, त्याला ‘लॉट’ म्हणतात. कॅटलॉगमध्ये वर्णनाखाली कमीत कमी आणि जास्तीत जास्त अंदाजित किंमत छापलेली असते. शिवाय विक्रेता आणि लिलावघर यांच्यात एक राखीव किंमत ठरलेली असते. ती गुप्त राहते आणि बोली तिथवर पोचली नाही तर वस्तू विकली जात नाही. अशी न विकली गेलेली वस्तू बाजाराच्या नजरेतून उतरते आणि पुढची काही वर्षे तिला भाव मिळणे कठीण जाते. म्हणून अनुभवी विक्रेते अंदाजित किंमत मुद्दाम बेताची ठेवतात.

हातोडा पडतो त्या किमतीवर व्यवहार संपत नाही. खरेदीदाराने लिलावघराला वेगळे शुल्क द्यायचे असते, त्याला ‘बायर्स प्रीमियम’ म्हणतात. लंडनच्या दोन्ही मोठ्या लिलावघरांनी १९७५ मध्ये ते लागू केले. त्याचा बोजा किती असतो हे लिओनार्दो दा विंचीच्या नावावर विकल्या गेलेल्या ‘साल्वातोर मुंदी’ या ख्रिस्तचित्रावरून कळते. नोव्हेंबर २०१७ मध्ये न्यू यॉर्कला क्रिस्टीजमध्ये हातोडा ४० कोटी डॉलरवर पडला. खरेदीदाराला मोजावे लागले सुमारे ४५ कोटी ३ लाख डॉलर. छोट्या खरेदीत तर शुल्काचे प्रमाण आणखी जास्त असते. त्यावर कर, वाहतूक, विमा आणि वस्तू परदेशातून आणायची असेल तर सीमाशुल्क. हा सगळा हिशेब बोली लावण्यापूर्वी कागदावर मांडून आपली मर्यादा ठरवावी आणि चढाओढीच्या भरात ती ओलांडू नये.

कॅटलॉग वाचणे हे वेगळेच कसब आहे. नुसते कलावंताचे नाव छापलेले असेल तर लिलावघर त्या कर्तृत्वाची ग्वाही देत असते. ‘अमुक यांचे मानले जाणारे’, ‘अमुक यांच्या कार्यशाळेतील’, ‘अमुक यांच्या वर्तुळातील’, ‘अमुक यांच्या शैलीतील’, ‘अमुक यांच्यावरून’ अशी पायरी उतरत गेली की खात्री आणि किंमत दोन्ही उतरतात. शेवटच्या शब्दप्रयोगाचा अर्थ सरळ ‘नक्कल’ असा होतो. वस्तूच्या अवस्थेचा अहवाल मागितला की बहुतेक लिलावघरे तो देतात. तो न मागता बोली लावणे धाडसाचे आहे.

दिव्यांच्या संग्रहात सर्वांत परिचित नाव अमेरिकेच्या लुई कम्फर्ट टिफनी यांचे. रंगीत काचेचे शेकडो तुकडे तांब्याच्या पातळ पट्टीने मढवून आणि डाखाने जोडून त्यांच्या कार्यशाळेत छत्र्या तयार होत. या दिव्यांचे श्रेय शंभर वर्षे एकट्या टिफनींना दिले गेले. २००५ च्या सुमारास क्लारा ड्रिस्कॉल या त्यांच्या विभागप्रमुख महिलेची पत्रे उजेडात आली, आणि विस्टेरिया, ड्रॅगनफ्लाय यांसारख्या गाजलेल्या रचना तिच्या व तिच्या हाताखालच्या स्त्रियांच्या होत्या हे सिद्ध झाले. घरगुती पत्रव्यवहाराने कलेच्या इतिहासातले एक पान बदलले. टिफनींची संस्था १९३२ मध्ये दिवाळखोरीत निघाली आणि त्यानंतर दोन-अडीच दशके या दिव्यांना कोणी विचारत नव्हते. १९९७ मध्ये मात्र त्यांचा एक कमळदिवा २८ लाख डॉलरला गेला, आणि २०१८ मध्ये दुसऱ्या एका दिव्याने ३३ लाख डॉलरचा टप्पा ओलांडला. नोव्हेंबर २०२४ मध्ये तर ओहायोतील एका चर्चसाठी १९१३ मध्ये केलेली टिफनी कार्यशाळेची काचखिडकी सुमारे १ कोटी २४ लाख डॉलरला विकली गेली. तिची रचनाकारही स्त्रीच होती, ॲग्नेस नॉर्थ्रॉप.

विसाव्या शतकातल्या दिव्यांची गोष्ट निराळी. इथे सजावटीपेक्षा उजेडाचा विचार आधी आला. डेन्मार्कच्या पॉल हेनिंगसेन यांनी १९२५-२६ च्या सुमारास एकाखाली एक अशा तीन छत्र्यांचा दिवा केला, तो बल्बचा झगमगाट डोळ्यांना लागू नये म्हणून. त्यांचाच १९५८ चा ‘आर्टिचोक’ कोपनहेगनच्या एका उपाहारगृहासाठी झाला. त्याची ७२ पाती अशी बसवली आहेत की कुठूनही पाहिले तरी बल्ब दिसत नाही. इटलीत जीनो सारफात्ती यांची आर्तेलुचे ही कंपनी, फ्रान्समध्ये काळ्या पत्र्याचे लांब हात पसरणारे सर्ज मुई यांचे दिवे, आणि कास्तिल्योनी बंधूंचा १९६२ चा ‘आर्को’ ही या बाजारातली मोठी नावे. आर्कोच्या पायाशी कारारा संगमरवराचा साठ किलोंहून जड ठोकळा असतो आणि त्याला मधोमध भोक असते. दोघांनी झाडूचा दांडा त्यातून घालून दिवा उचलावा, अशी ती सोय.

आर्को आणि हेनिंगसेन यांचे दिवे आजही कारखान्यात बनतात. त्यामुळे जुना आणि नवा ओळखणे हाच या संग्रहाचा गाभा ठरतो. मूळ होल्डर, बटण, कारखान्याचे लेबल, पत्र्यावरचा जुना रंग, काचेतले बुडबुडे या खुणा पाहाव्या लागतात. वायर जुनी असेल तर ती जाणत्या माणसाकडून बदलून घेतल्याने किंमत फारशी घटत नाही. सुटे केलेले मूळ भाग मात्र पिशवीत जपून ठेवावेत. अमेरिकेतला दिवा ११०-१२० व्होल्टचा असतो हे विसरून तो भारतातल्या २३० व्होल्टवर लावला की पहिला अनुभव वाईट येतो. आणि पितळेवर, काशावर चढलेला काळसरपणा घासूनपुसून लख्ख करण्याचा मोह टाळावा. तो थर म्हणजे वस्तूच्या वयाचा दाखला, आणि एकदा गेला की परत येत नाही.

या विषयाचा एक मोठा अध्याय मराठी राजघराण्याचा आहे. इंदूरचे यशवंतराव होळकर दुसरे यांनी १९३० च्या दशकाच्या आरंभी जर्मन वास्तुकार एकार्ट मुथेसियस यांच्याकडून माणिकबाग हा राजवाडा बांधून घेतला. खांब, कमानी, झुंबरे यांना फाटा देऊन उभारलेली ती संपूर्ण आधुनिक वास्तू होती. दिवे मुथेसियस यांच्या रचनेचे; वाचण्यासाठी बाजूला दिवा बसवलेल्या खुर्च्यासुद्धा होत्या. रुलमन, आयलीन ग्रे, ल कॉर्ब्युझिए आणि त्यांचे सहकारी या रचनाकारांच्या वस्तूंनी खोल्या सजल्या होत्या. त्या काळात युरोपातही एका छताखाली इतके नवे काम क्वचितच होते. १९८० मध्ये माणिकबागेतल्या वस्तूंचा लिलाव सदबीजने मोनॅकोत केला आणि तो संग्रह जगभर पांगला. २०१९ मध्ये पॅरिसच्या सजावटी कलांच्या संग्रहालयाने यशवंतरावांवर प्रदर्शन भरवले, तेव्हा त्यातल्या अनेक वस्तू पुन्हा एकत्र पाहायला मिळाल्या. माणिकबागेत आज सरकारी करखात्याचे कार्यालय आहे. ‘माणिकबागेतून आलेला’ एवढ्या शब्दांनी दिव्याची किंमत वाढते हे खरे, पण तो दिवा ज्या खोलीसाठी केला होता ती खोली कायमची रिकामी झाली ही हानी कोणत्याही हातोड्याने भरून निघणारी नाही.

चंदीगडच्या बाबतीत हेच वेगळ्या तऱ्हेने घडले. ल कॉर्ब्युझिए आणि पिएर जाँनरे यांनी सरकारी कचेऱ्यांसाठी केलेल्या खुर्च्या, मेजे, दिवे मोडके सामान म्हणून स्वस्तात विकले गेले आणि पॅरिस-न्यू यॉर्कच्या लिलावांत त्यांना प्रचंड भाव आला. २०११ मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाने या वस्तूंच्या विक्रीवर निर्बंध आणले. पण शंभर वर्षे न भरलेल्या वस्तूला पुरावस्तूंचा कायदा लागू होत नाही, त्यामुळे बाहेर गेलेले परत आणता येत नाही.

याच्या अगदी उलट उदाहरण पुण्यात आहे. ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहिणारे दिनकर गंगाधर केळकर यांनी गावोगाव फिरून समया, लामणदिवे, नंदादीप, अडकित्ते, पेट्या गोळा केल्या. भारतीय दिव्यांवर त्यांनी पुस्तकही लिहिले. त्यांचा वीस हजारांहून अधिक वस्तूंचा संग्रह अकाली गेलेल्या मुलाच्या नावाने ‘राजा दिनकर केळकर संग्रहालय’ म्हणून पुणेकरांच्या डोळ्यांसमोर आहे. दिव्यांचा संग्रह करू पाहणाऱ्याने कॅटलॉग उघडण्याआधी तिथे जाऊन यावे.

ग्रंथांच्या बाजारात एक गैरसमज सर्वांत आधी दूर करावा लागतो: जुने ते मोलाचे असे नसते. सतराव्या शतकात लॅटिनमध्ये छापलेली कितीतरी धर्मशास्त्रीय पुस्तके आजही फारशा किमतीला जात नाहीत, कारण ती पुष्कळ टिकली आणि त्यांना वाचक उरला नाही. भाव येतो तो महत्त्वाच्या ग्रंथाच्या पहिल्या आवृत्तीला, सगळी पाने शाबूत असलेल्या प्रतीला, आणि पूर्वीचा मालक नावाजलेला असेल तर त्याच्या सहीला, टिपणांना. म्हणून जाणकार ग्राहक पाने मोजतो, नकाशे आणि चित्रे जागेवर आहेत का हे आधी तपासतो.

पाने मोजावी लागतात, कारण ग्रंथ फोडण्याचा धंदाही तितकाच जुना आहे. गुटेनबर्गच्या बायबलच्या सुमारे १८० प्रती छापल्या गेल्या असे मानतात. त्यांपैकी ४९ पूर्ण किंवा अपूर्ण स्वरूपात उरल्या आहेत. १९२१ मध्ये न्यू यॉर्कच्या एका विक्रेत्याने अशीच एक अपूर्ण प्रत फोडून तिची पाने सुटी विकली. १९८७ मध्ये या बायबलचा एकच खंड जपानच्या मारुझेन कंपनीने सुमारे ५४ लाख डॉलरला घेतला. डॅनियल काका-पुतण्यांच्या ‘ओरिएंटल सीनरी’ या भारतदृश्यांच्या ग्रंथाच्या वाट्याला हेच आले. त्याची १४४ चित्रे सुटी करून, चौकटीत बसवून घराघरांतून टांगली गेली. एकेक चित्र विकून जास्त पैसे मिळतात, हे कारण पुरेसे ठरते. संग्राहकाने सुटे पान घेण्यापूर्वी ते कशातून निघाले याचा विचार करावा. मागणी थांबली तरच कात्री थांबेल.

धर्मग्रंथांमधला अलीकडचा सर्वांत मोठा लिलाव मुंबईच्या एका घराण्याच्या नावाचा आहे. नवव्या-दहाव्या शतकातले हिब्रू बायबल, ‘कोडेक्स ससून’, मे २०२३ मध्ये न्यू यॉर्कला ३ कोटी ८१ लाख डॉलरला गेले. सुमारे बारा किलो वजनाच्या या चामड्याच्या पानांच्या ग्रंथात हिब्रू बायबल जवळजवळ संपूर्ण आहे. त्याला नाव मिळाले ते डेव्हिड सॉलोमन ससून यांच्यावरून. त्यांचा जन्म १८८० चा, मुंबईतला. पुण्याचे ससून रुग्णालय ज्यांच्या देणगीतून उभे राहिले आणि ज्यांची कबर पुण्याच्या लाल देऊळ या सिनेगॉगच्या आवारात आहे, त्या डेव्हिड ससून यांचे ते नातू. त्यांनी हा ग्रंथ १९२९ मध्ये ३५० पौंडांना घेतला होता. आता तो तेल अवीवच्या संग्रहालयात आहे.

मराठी ग्रंथसंग्राहकासाठी दुर्मिळतेची कल्पना याहून कठोर आहे. भारतातला पहिला छापखाना १५५६ मध्ये गोव्यात आला. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६, १६४९ आणि १६५४ मध्ये छापले गेले, पण त्या तिन्ही आवृत्त्यांची एकही छापील प्रत आज ज्ञात नाही; ग्रंथ टिकला तो हस्तलिखितांमुळे. विल्यम केरी यांचे मराठी व्याकरण १८०५ मध्ये श्रीरामपूरला निघाले, आणि त्याच वर्षी मिरजेत गंगाधरराव पटवर्धनांच्या आश्रयाने तांब्याच्या पत्र्यावर कोरून भगवद्गीता छापली गेली. अशा प्रती लिलावात येणे दूरची गोष्ट. त्या बहुधा जुन्या वाड्यांत, रुमालात बांधलेल्या दप्तरांत पडून असतात. तिथे त्यांना धोका असतो तो कोकणातल्या दमट हवेचा, कसर आणि वाळवीचा, आणि फाटलेल्या पानावर चिकटपट्टी लावणाऱ्या प्रेमळ हातांचा. चिकटपट्टीचा डिंक कागदात मुरला की काढणे तज्ज्ञालाही जड जाते.

धार्मिक कलेत थक्क करणारे शोध लागतात ते घरांतून. २०१९ मध्ये फ्रान्सच्या काँपियेन गावात एका वृद्ध स्त्रीच्या स्वयंपाकघरात, शेगडीवरच्या भिंतीला, ख्रिस्ताची विटंबना दाखवणारे वहीच्या पानाएवढे चित्र टांगलेले सापडले. ते तेराव्या शतकातले चित्रकार चिमाबुए यांचे निघाले. अंदाज होता ४० ते ६० लाख युरोंचा, किंमत आली २ कोटी ४१ लाख युरो. फ्रेंच सरकारने निर्यात रोखून ठेवली आणि शेवटी २०२३ मध्ये ते लूव्र संग्रहालयात दाखल झाले.

गोव्यात सतराव्या शतकात स्थानिक कारागिरांनी हस्तिदंतात कोरलेल्या ख्रिस्ती मूर्ती, विशेषतः मेंढपाळ बालयेशूच्या डोंगरासारख्या रचलेल्या मूर्ती, युरोपातल्या लिलावांत अनेक वर्षे दिसत आल्या. ध्यानस्थ बालकाच्या मुद्रेवर भारतीय छाप स्पष्ट आहे. पण हस्तिदंताच्या व्यापारावर जगभर निर्बंध आले. ब्रिटनचा कायदा जून २०२२ पासून लागू झाला आणि मोजके अपवाद सोडले तर तिथली विक्री थांबली. भारतात तो व्यापार आधीपासूनच बेकायदा आहे. या मूर्ती पाहायच्या तर जुन्या गोव्यातल्या सांता मोनिका मठातले ख्रिस्ती कला संग्रहालय गाठावे.

सामान्य संग्राहकाच्या आवाक्यातली धार्मिक कला म्हणजे रविवर्मा छापखान्याची देवचित्रे. १८९४ मध्ये मुंबईत सुरू झालेला हा छापखाना पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला आणि लक्ष्मी, सरस्वती, दत्त महाराष्ट्राच्या घराघरांत पोचले. काही चित्रांवर घरच्या बायकांनी जरी, टिकल्या, मोती शिवले आहेत. जुना छाप ओळखायला साधे भिंग पुरते. आजच्या ऑफसेट छपाईत ठिपके ठरावीक जाळीत दिसतात. दगडावरून छापलेल्या जुन्या चित्रात ते हाताने दिलेले, अनियमित असतात. खुद्द राजा रविवर्मा यांचे ‘यशोदा आणि कृष्ण’ हे तैलचित्र २०२३ मध्ये मुंबईत ३८ कोटी रुपयांना गेले. त्यांची चित्रे राष्ट्रीय ठेवा मानली जात असल्याने ती देशाबाहेर नेता येत नाहीत.

पूजेतल्या मूर्तींचा प्रश्न सर्वांत नाजूक. तमिळनाडूतल्या श्रीपुरंदान येथील मंदिरातून चोरलेली नटराजाची कांस्यमूर्ती ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलादालनाने २००८ मध्ये न्यू यॉर्कच्या विक्रेत्याकडून सुमारे ५० लाख डॉलरना घेतली. मालकीची कागदपत्रे बनावट होती. पाँडिचेरीच्या फ्रेंच संस्थेने मंदिरात काढून ठेवलेल्या छायाचित्रांनी चोरी उघड केली आणि २०१४ मध्ये मूर्ती परत आली. २०२५ मध्ये पिपरहवा येथील रत्नांचा प्रश्न उभा राहिला. उत्तर प्रदेशातल्या या स्तूपात १८९८ मध्ये बुद्धाच्या अस्थींसोबत सापडलेल्या रत्नांपैकी काही भाग उत्खनन करणाऱ्या इंग्रज जमीनदाराच्या कुटुंबाकडे राहिला होता. हाँगकाँगमध्ये त्याचा लिलाव मे महिन्यासाठी जाहीर झाला, भारत सरकारने नोटीस बजावली, लिलाव स्थगित झाला, आणि जुलैअखेर मुंबईच्या गोदरेज उद्योगसमूहाच्या साहाय्याने ती रत्ने भारतात आली. इथे विक्रेत्याकडे मालकीचा अखंड इतिहास होता, तरीही विक्री योग्य ठरली नाही. श्रद्धेचा विषय असलेल्या अवशेषांना लॉट क्रमांक देता येतो का, या प्रश्नाला बौद्धांनी जगभरातून दिलेले उत्तर ‘नाही’ असे होते, आणि ते रास्त होते.

भारतीय कायदा स्पष्ट आहे. पुरावस्तू आणि कलानिधी अधिनियम १९७२ मध्ये झाला आणि १९७६ पासून अमलात आला. त्यानुसार शंभर वर्षांची वस्तू आणि पंचाहत्तर वर्षांचे महत्त्वाचे हस्तलिखित ही पुरावस्तू ठरते. ती खाजगी व्यक्तीला परदेशी पाठवता येत नाही. धंदा करणाऱ्याला परवाना लागतो. मूर्ती, चित्रे, सचित्र हस्तलिखिते अशा ठरवून दिलेल्या प्रकारांची नोंदणी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे करावी लागते आणि मालकी बदलली की कळवावे लागते. नोंदणीने वस्तू सरकारजमा होत नाही. उलट चोरी झाली तर छायाचित्रासह असलेली ती नोंदच मालकाचा सर्वांत भक्कम पुरावा ठरते. लिलावात बोली लावण्यापूर्वी नोंदणीचे प्रमाणपत्र पाहायला मागावे, आणि विक्रेता टाळाटाळ करू लागला तर त्या लॉटचा नाद सोडावा.

ज्यांना काही विकत घ्यायचे नाही त्यांनाही एक काम करता येण्याजोगे आहे. माळ्यावरची दप्तरे, देवघरातली जुनी चित्रे, आजोबांच्या वेळच्या हंड्या यांचे छायाचित्र काढून, त्या कोणी, कुठून, केव्हा आणल्या हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून लिहून ठेवावे. पोथ्या आणि मोडी कागद रद्दीत घालण्यापूर्वी पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या संस्थेला दाखवावेत. १९१० पासून ते मंडळ हेच काम करत आले आहे.